जुन्या मोटारसायकलचे सेल्फचे बटण : तपासणी आणि दुरुस्ती

सेल्फचे बटण दाबल्यावर इंजिन फिरले नाही की बटणच गेले असे धरून चालणे, हा जुन्या मोटारसायकलच्या बाबतीत महागात पडणारा समज आहे. बटण बदलले जाते, मूळचे पितळी आणि वजनदार बटण भंगारात जाते, त्याच्या जागी पातळ पत्र्याच्या कॉन्टॅक्टचे नवे बटण बसते आणि पहिल्याच पावसाळ्यात तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून या लेखात आधी दोष नेमका कुठे आहे हे शोधण्याची रीत दिली आहे आणि त्यानंतर बटण उघडून मूळ भागांसह ते दुरुस्त कसे करावे हे सांगितले आहे. सेल्फ असलेल्या जुन्या जपानी गाड्यांना आणि 2000 नंतरच्या दशकातील सेल्फ असलेल्या बुलेटसारख्या गाड्यांना ही रीत लागू पडते. ज्या गाड्यांना किकही असते, त्यांच्या बटणाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. कारण सेल्फ बंद पडला तरी मालक किक मारून काम चालवतो आणि न वापरलेल्या बटणात कळंक साचत जातो.

प्रथम या बटणाचे काम समजून घ्यावे. सेल्फची मोटार इंजिन फिरवताना बॅटरीतून बटणावरच्या प्रवाहाच्या कितीतरी पट अँपिअर ओढते; एवढा प्रवाह हँडलवरच्या बारीक वायरीतून नेणे शक्य नसते. त्यामुळे बटण मोटारीला थेट जोडलेले नसते. ते फक्त रिलेच्या कॉइलला प्रवाह देते, रिलेचा आतील तांब्याचा जाड संपर्क जोडला जातो आणि बॅटरीचा मोठा प्रवाह जाड केबलमधून मोटारीकडे जातो. कॉइलचा रोध साधारण 4 ओहम असेल, तर 12 व्होल्टला तिच्यातून 3 अँपिअर प्रवाह वाहतो, म्हणजे बटणावरही तेवढाच भार येतो. आता बटणाच्या कॉन्टॅक्टवर कळंक चढून तिथे 2 ओहमचा रोध तयार झाला, तर एकूण रोध 6 ओहम होतो, प्रवाह 2 अँपिअरवर येतो आणि कॉइलला 12 ऐवजी 8 व्होल्टच मिळतात. एवढ्यावर रिले ओढला जाईलच याची खात्री उरत नाही. सेल्फ कधी लागतो, कधी लागत नाही, आणि बटण जोरात दाबले की लागतो, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते.

बटण दाबल्यावर रिलेचा ‘टक’ असा स्पष्ट आवाज येतो का, हे सर्वांत आधी ऐकावे. आवाज ठणठणीत येत असेल आणि मोटार फिरत नसेल, तर बटणाने आपले काम केलेले आहे. अशा वेळी बॅटरी, जाड केबलची टोके, रिलेचे मोठे कॉन्टॅक्ट आणि मोटारीतील कार्बन ब्रश तपासावेत. एकामागून एक भराभर टकटक आवाज येत असेल, तर बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता अधिक. गाडी काही तास उभी असताना पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर सुमारे 12.6 व्होल्ट दिसायला हवेत आणि सेल्फ फिरत असताना ते 9.6 च्या खाली जाऊ नयेत. ही तपासणी झाल्याशिवाय हँडलला डिस्मिस लावू नये.

रिलेचा आवाजच येत नसेल किंवा क्षीण येत असेल, तर मल्टिमीटर घ्यावा. साधा डिजिटल मीटर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील इलेक्ट्रिकच्या दुकानांत सहज मिळतो आणि या कामाला तो पुरेसा आहे. तपासणी सुरू करण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये आहे, हँडलवरचा इंजिन बंद करण्याचा स्विच इंजिन चालू राहील अशा बाजूला आहे आणि क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच असलेल्या गाडीत क्लच दाबलेला व स्टँड वर आहे, याची खात्री करावी. या सुरक्षा-स्विचांपैकी एकानेही साखळी तोडलेली असली, तर निर्दोष बटणही निकामी वाटते.

मीटर लावताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी : व्होल्ट मोजायचे ते बटण दाबलेले असताना, म्हणजे कॉइलमधून प्रवाह वाहत असतानाच. वायर सुटी करून मोजले, तर पूर्णपणे कळकलेल्या कॉन्टॅक्टमधूनही मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला लागणारा प्रवाह नगण्य असतो. जोड सलग असल्यास वाजणारा मीटरचा बझर वापरून केलेली तपासणीही याच कारणाने फसवी ठरते. वीस तारांपैकी एकच तार शाबूत असली तरी बझर वाजतो, परंतु त्या एका तारेतून 3 अँपिअर धडपणे जात नाहीत. गॅरेजमध्ये बटण ‘ओके’ ठरते आणि रस्त्यावर मात्र दगा देते, यामागे बहुतेक वेळा हीच चूक असते.

पुढची रीत गाडीच्या वायरिंगवर अवलंबून आहे. पहिल्या प्रकारात बटण कॉइलला बॅटरीचा प्लस पुरवते. इथे मीटरचे काळे टोक बॅटरीच्या मायनसवर ठेवावे, लाल टोक रिलेच्या बारीक वायरीच्या टर्मिनलवर लावावे आणि बटण दाबावे. बॅटरीवर 12.4 आणि इथे 12 च्या आसपास दिसत असेल, तर बटणापर्यंतचा मार्ग चांगला आहे. तिथे 9 दिसले, तर वाटेत कुठेतरी 3 व्होल्टहून अधिक हरवत आहेत. मग बटणाच्या आत येणाऱ्या वायरीवर मोजावे. आत येताना 12.2 आणि बाहेर पडताना 9, तर दोष निश्चितपणे बटणाचा आहे. आत येतानाच 9 असतील, तर बटणाला हात न लावता मागे जावे : इंजिन बंद करण्याचा स्विच, हेडलाइटमागचा कपलर, चावीचा स्विच, फ्यूजची खाच. संपूर्ण मार्गात मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक घट होऊ देऊ नये.

दुसऱ्या प्रकारात चावी लावताच कॉइलला प्लस मिळालेला असतो आणि बटण तिचे दुसरे टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या चासीला, जोडते. होंडाच्या काही जुन्या मोटारसायकलींमध्ये ही रचना आढळते. त्यात पिवळ्या रंगावर लाल रेघ असलेली वायर बटणाकडे जाते. इथे त्या वायरीवर बटण न दाबता 12 व्होल्ट दिसतात आणि दाबल्यावर ते जवळजवळ शून्यावर यायला हवेत. ते 2 किंवा 3 वर थांबत असतील, तर एकतर बटण कळकले आहे किंवा हँडलचा अर्थ अपुरा आहे. या दोन शक्यता वेगळ्या करण्यासाठी बटण दाबलेले ठेवून हँडलच्या उघड्या धातूवर मोजावे. हँडलवरच व्होल्ट दिसत असतील, तर बटण निर्दोष आहे. रबरी बुशांमुळे किंवा नव्या रंगामुळे हँडलचा चासीशी असलेला विजेचा संपर्क तुटला आहे. गाडी नव्याने रंगवून आणल्यानंतर सेल्फ बंद पडला, असे अनेक मालक सांगतात आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्यांत रंगाखाली दडलेला हा अर्थच दोषी असतो.

आणखी एक तपासणी दोन्ही प्रकारांत करावी. बटण दाबून धरावे आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. एका विशिष्ट कोनात रिले सुटत असेल, तर वायर तिच्या आवरणाच्या आत, बहुधा हेडलाइटजवळच्या वळणावर, तुटलेली आहे.

दोष बटणाचा ठरल्यावर बॅटरीची मायनस केबल काढून मगच कामाला सुरुवात करावी. उजव्या मुठीजवळच्या घराचे, म्हणजे बटण ज्यात बसते त्या कवचाचे, दोन स्क्रू सोडवताना घाई केली, तर त्यांची डोकी जातात. जुन्या जपानी गाड्यांच्या स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या फुलीच्या डिस्मिसच्या टोकाशी तंतोतंत जुळत नाही. टोक वर सरकते आणि खाच गोल होते. जपानी मापाचा डिस्मिस मिळाला तर उत्तम. नाही तर गंज सोडवणारे तेल टाकून काही वेळ थांबावे, डिस्मिसच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्यावा आणि खाली भरपूर दाब ठेवून फिरवावे. घर उघडण्याआधी त्याच्याखाली परात ठेवून तीत पांढरा कपडा अंथरावा. बटणाखालची स्प्रिंग आणि पितळी पट्टी उडून गेली, तर तशीच दुसरी मिळवण्यात आठवडे जातात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, विशेषतः वायरींचे रंग आणि स्प्रिंगची दिशा दिसेल असा.

आत साधारणपणे प्लॅस्टिकचे बटण, स्प्रिंग, पितळेची किंवा तांब्याची छोटी पट्टी आणि तिच्यासमोर एक किंवा दोन स्थिर कॉन्टॅक्ट आढळतात. त्यावर वाळून घट्ट झालेले ग्रीस, धूळ आणि हिरवा कळंक यांचा थर बसलेला असतो. हा थर चाकूने खरवडू नये. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल जुन्या टूथब्रशने लावून तो मऊ करावा आणि सुती कापडाने पुसावा. पेट्रोल किंवा थिनर वापरू नये. अनेक वर्षांचे प्लॅस्टिक त्याने तडकते किंवा चिकट होते. ग्रीस निघाल्यावर पेन्सिलचा खोडरबर कॉन्टॅक्टवर घासावा. बहुतेक वेळा तेवढ्याने पितळ उजळते. काळे खड्डे उरलेच, तर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरची बारीक पट्टी दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये धरून हलक्या हाताने ओढावी. मात्र कॉन्टॅक्टवर चांदीचा मुलामा असेल, तर पॉलिश पेपर अजिबात लावू नये. काळवंडलेली चांदीही वीज वाहून नेते, पण मुलामा घासला गेला की खालचे पितळ पुन्हा कळकण्यास मोकळे होते.

पट्टी खोलवर जळलेली असेल, तर तीही वाचवता येते आणि या बाबतीत कोल्हापूरकरांना मोठी सोय आहे. त्याच जाडीच्या पितळी पत्र्यातून तशीच पट्टी उद्यमनगरातील एखादा कुशल कारागीर कापून देऊ शकतो आणि तिच्यावर चांदीचा छोटा ठिपका जोडून घ्यायचा असेल, तर चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले हुपरी जवळच आहे. पट्टी प्लॅस्टिकपासून पूर्ण वेगळी करूनच द्यावी, कारण चांदी जोडताना लागणारी उष्णता प्लॅस्टिक सोसू शकत नाही. अशी पट्टी बाजारातील संपूर्ण नव्या बटणापेक्षा अधिक काळ टिकते, असे माझे ठाम मत आहे.

स्प्रिंग ताणून लांब करण्याचा मोह टाळावा. ती लवकरच पुन्हा बसते. बॉलपेनची स्प्रिंग बसवणे हाही खरा उपाय नव्हे. बटण दाबल्यावर पूर्ण वर परत आले पाहिजे, कारण ते खाली अडकून राहिले तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरत राहतो आणि मोटार जळते. त्याच जाडीच्या तारेची आणि त्याच व्यासाची स्प्रिंग शोधावी.

वायर सुटली असेल, तर डाग देताना राळ असलेलीच 60-40 ची सोल्डर वायर वापरावी. पत्र्याच्या कामातील आम्लयुक्त द्रव इथे चालत नाही. त्याचा अंश आत राहतो आणि काही महिन्यांत तांबे खाऊन टाकतो. वायरीला आणि टर्मिनलला आधी वेगवेगळे कथील लावून घ्यावे आणि मग दोन्ही क्षणभरच एकत्र तापवावे. नवी वायर टाकायची झाल्यास 0.75 चौरस मिलिमीटरची पुरते. हँडल पूर्ण वळेल एवढी ढील मात्र ठेवावी.

बसवताना बटण ज्या खोबणीत सरकते तिथे सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. कॉन्टॅक्टच्या तोंडावर ग्रीस भरू नये. घराच्या आतील खुंटी हँडलच्या भोकात नीट बसली पाहिजे आणि वायर दोन अर्ध्यांच्या मध्ये चेपता कामा नये. ॲक्सिलरेटर याच घरात असेल, तर स्क्रू आवळल्यावर मूठ पूर्ण फिरवून सोडावी. ती आपोआप झटकन परत आली पाहिजे. ती जराही अडखळत असेल, तर गाडी सुरू करू नये आणि घर पुन्हा उघडावे.

बटण सोडताना कॉइलमध्ये उलट दिशेचा जोरदार व्होल्टेज तयार होतो आणि कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते. काळे खड्डे याच ठिणगीने पडतात. त्यावर स्वस्त आणि परिणामकारक उपाय म्हणजे रिलेच्या कॉइलच्या दोन टोकांना समांतर १एन४००७ हा डायोड जोडणे. त्यावरील पांढरी पट्टी कॉइलच्या प्लस बाजूला आली पाहिजे. उलटा जोडल्यास बटण दाबताच फ्यूज उडेल. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत चासीला प्लस जोडलेला असतो, तिथे दिशा ठरवताना आणखी सावध राहावे.

आपल्याकडील पावसाचा विचारही करायला हवा. गगनबावड्याच्या रस्त्यावर नियमित जाणाऱ्या गाडीच्या बटणात पाणी शिरणारच. ते बाहेर पडण्याची वाट महत्त्वाची आहे. घराच्या तळाशी बारीक छिद्र असेल, तर ते पिनने मोकळे करावे आणि फटी सिलिकॉनने बुजवून टाकू नयेत, कारण मग आत गेलेले पाणी तिथेच राहते. सर्व्हिसिंगच्या वेळी प्रेशरचा पाइप हँडलवर मारू देऊ नये. ऑगस्ट 2019 किंवा जुलै 2021 च्या महापुरात बुडालेली गाडी असेल, तर केवळ बटण साफ करून भागणार नाही. रिले, चावीचा स्विच आणि प्रत्येक कपलर उघडून याच पद्धतीने स्वच्छ करावा लागेल.

शेवटी मायनस केबल जोडून सुरुवातीची मोजणी पुन्हा करावी आणि दोन्ही आकडे गाडीच्या वहीत लिहून ठेवावेत. ज्या गाडीत सेल्फ मारताना हेडलाइट बंद होण्याची सोय आहे, तिथे बटण सोडल्यावर दिवा पूर्ण तेजाने लागतो का ते पाहावे, कारण त्याचे कॉन्टॅक्ट याच बटणात असतात. सेल्फ एका वेळी 5 सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये आणि पुढच्या प्रयत्नाआधी किमान 10 सेकंद थांबावे. रिलेच्या टर्मिनलवर आता पूर्ण व्होल्ट मिळत असूनही आवाज येत नसेल, तर दोष रिलेच्या कॉइलमध्ये किंवा तिच्या अर्थमध्ये आहे आणि पुढची तपासणी तिथून सुरू करावी.