फिश टँकमध्ये मासे किती ठेवायचे? या चुका टाळा

दोन फुटी टँक घरी आला की दुकानदाराला पहिलं हेच विचारतो, ह्यात मासे किती बसतील? तो म्हणतो पंधरा-वीस आरामात. बसतात पण, कारण तेव्हा ते दीड इंचाचे असतात. आपण आज पिशवीत दिसतो तो मासा बघून आकडा ठरवतो, वर्षाने तो केवढा होणार ते कोणी विचारतच नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आमच्याकडे वास्तूसाठी म्हणून नऊ गोल्डफिश आणले होते, आठ सोनेरी आणि एक काळा. पाचव्या दिवशी सकाळी बघतो तर सगळे वर येऊन तोंड उघडबंद करतायत, काळा एका कोपऱ्यात काचेला टेकून नुसता कल्ले हलवत होता. महिन्याभरात दोनच उरले. मला अजून त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांना कसला रोग नव्हता, आम्हीच त्यांना त्यांच्या घाणीत कोंडलं होतं.

माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक असं नायट्रेट करतात, पण नवीन टँकमध्ये हे बॅक्टेरिया जमायला ४ ते ६ आठवडे जातात. म्हणून एका दिवसात सगळे मासे टाकू नका, आधी तीन-चार, मग दोन-दोन आठवड्यांनी थोडे थोडे.

आता हिशोब. २×१×१ फुटाचा टँक म्हणजे साधारण ५६ लिटर, पण खडे आणि वरची रिकामी जागा सोडली की खरं पाणी ४५ लिटरच्या आसपासच. माशाच्या दर इंच लांबीला एक गॅलन, म्हणजे ३.८ लिटर पाणी, हा नियम सगळे सांगतात, तो टेट्रासारख्या बारीक माशांना ठीक आहे पण गोल्डफिशला अजिबात लावू नका. लांबी दुप्पट झाली की वजन जवळपास आठपट होतं, मग खाणं आणि घाणही कितीतरी वाढते. फुगीर पोटाचे गोल्डफिश सुद्धा ६-८ इंच होतात. एवढ्या टँकमध्ये माझ्या मते ८-१० निऑन टेट्रा आणि तळाशी राहणारे ५ छोटे कोरी (कोरीडोरास) मासे, बास. गोल्डफिश हवेच असतील तर दोन, ते पण पुढे मोठा टँक घ्यायची तयारी असेल तरच. आणि घरच्यांना नऊच पाहिजेत तर आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळा प्लॅटी आणा, दोन-अडीच इंचाच्या वर जात नाहीत. सगळे नर घ्या मात्र, प्लॅटी-गप्पीची एक मादी साधारण दर महिन्याला पिल्लं देते, मग तुम्ही ठरवलेल्या आकड्याला काही अर्थच उरत नाही.

काच साफ ठेवतो म्हणून सकर घेतात, तो फूटभर होतो. शार्क म्हणून विकतात तो पंगासियस तर तीन फुटांच्या वर जातो, तो घरच्या टँकचा मासाच नाही.

मासे वर येऊन श्वास घेत असतील तर लगेच ३०-४० टक्के पाणी बदला, नवीन पाण्यात अँटी-क्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध) टाकून. एअर पंप लावा आणि दोन दिवस खायला देऊ नका. सगळं पाणी काढून फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा ही चूक तर घरोघरी होते, त्यात ते बॅक्टेरियाच मरतात. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळा. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, त्यात लाईट गेली की पंप बंद, म्हणजे जानेवारीत चालून गेलेली गर्दी मे महिन्यात जिवावर बेतते.

आणि जास्त झालेले मासे तळ्यात, नदीत सोडू नका प्लीज, सकर असाच पसरलाय आणि आपल्या गावठी माशांच्या मुळावर आलाय. ओळखीच्या दुकानात परत नेऊन द्या, पैसे नाही दिले तरी बरेच जण ठेवून घेतात.