टायरच्या हवेचा इशारा देणारा दिवा रीसेट कसा करावा

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारख्या आकृतीत उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा लागला की बरेच जण लगेच रीसेटचे बटण शोधू लागतात. रीसेट केल्याने टायरमध्ये हवा भरली जात नाही. ज्या गाड्यांत असे बटण असते, त्यांतील बहुतेकांत त्याचा अर्थ ‘आत्ता चाकांत जेवढी हवा आहे तेवढी योग्य समजावी’ असा होतो. त्यामुळे हवा कमी असतानाच रीसेट केले, तर तो कमी दाबच प्रमाण ठरतो आणि पुढचा इशारा मिळेपर्यंत टायर धोकादायकरीत्या बसलेला असू शकतो.

म्हणून आधी चारही चाकांची हवा गेजने मोजावी. गाडी निदान तीन तास उभी असावी, कारण चालवल्यावर टायर तापतो, आतला दाब वाढतो आणि तेव्हा घेतलेला आकडा फसवा असतो. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर किंवा गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेला असतो. पुढच्या-मागच्या चाकांसाठी, तसेच गाडी पूर्ण भरलेली असल्यास, तो वेगळा असू शकतो. टायरच्या कडेवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. तेवढी हवा भरू नये.

तापमान सुमारे साडेपाच अंश सेल्सियसने उतरले की दाब साधारण १ पीएसआयने (पीएसआय हे टायरमधील दाब मोजण्याचे एकक) घटतो. थंडीच्या पहाटे लागलेला दिवा थोडे अंतर गेल्यावर आपोआप विझत असेल, तर तो बिघाड समजू नये. हवा मर्यादेच्या अगदी काठावर आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो आणि ती भरून घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.

रीसेटची पद्धत आपल्या गाडीतील यंत्रणेवर अवलंबून असते. एका प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हला जोडलेला, सेन्सर असतो आणि तो दाब मोजून रेडिओ लहरींनी कळवतो. अशा अनेक गाड्यांच्या स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या चाकाची प्रभावी त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे ते इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरते आणि हा फरक एबीएसच्या (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) वेग मोजणाऱ्या सेन्सरवरून ओळखला जातो. या दुसऱ्या प्रकारात हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर प्रत्येक वेळी रीसेट आवश्यक असते. पहिल्या प्रकारात मात्र योग्य हवा भरून काही अंतर चालवल्यावर दिवा बहुधा स्वतःच विझतो.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. गाडी उभी करून इग्निशन चालू करावे. बटण असल्यास ते बहुधा स्टीअरिंगच्या खाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडते. दिवा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरावे. नव्या गाड्यांत हाच पर्याय स्क्रीनवरील वाहन सेटिंगमध्ये असतो. त्यानंतर यंत्रणेला नवे प्रमाण शिकण्यासाठी गाडी काही वेळ चालवावी लागते. किती वेळ आणि किती वेगाने, हे माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण हा तपशील प्रत्येक मॉडेलमध्ये बदलतो.

इग्निशन चालू केल्यावर दिवा मिनिटभर किंवा थोडा अधिक लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर तक्रार हवेची नसून यंत्रणेची आहे, आणि ती रीसेटने सुटत नाही. चाकातील सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. ती संपल्यावर बहुतेक गाड्यांत पूर्ण सेन्सरच बदलावा लागतो आणि त्याचा क्रमांक गाडीत नोंदवावा लागतो. त्यासाठी अनेकदा कार्यशाळेतील उपकरण लागते. टायर उतरवताना लिव्हर सेन्सरवर आपटून तो तुटू शकतो, म्हणून चाकात सेन्सर असल्याचे टायर बदलणाऱ्याला आधीच सांगावे.

रीसेटनंतर काही दिवसांनी थंड टायरवर पुन्हा गेज लावावे. एकाच चाकाचा आकडा उतरलेला आढळल्यास पुन्हा रीसेट न करता त्या चाकाचे पंक्चर आणि व्हॉल्व्ह तपासून घ्यावे.