नात्यांविषयीचे इंग्रजी वाक्प्रचार: या चुका टाळा

अर्थ पाठ असतो, तरी वाक्य चुकतं. नात्यांविषयी इंग्रजीत बोलताना बहुतेक घोळ मागे-पुढे येणाऱ्या चिमुकल्या शब्दामुळे होतात, म्हणून आधी तिकडे बघा.

'मेक अप' आणि 'मेक आउट' ही सर्वांत धोकादायक जोडी. भांडण मिटलं असेल तर 'वी मेड अप'. अमेरिकन बोलीत 'वी मेड आउट' म्हणजे चुंबन-आलिंगन! सहकाऱ्याशी समेट झाल्याचं कळवताना हा एक शब्द चुकला तर सारवासारव करणं कठीण जातं. 'मेक इट अप टू' मात्र वेगळं: दुखावलेल्या माणसाला भरपाई म्हणून काहीतरी करणं. आपल्याकडचं 'त्यांचं पॅचअप झालं' इंग्रजीत सांगायचं तर 'दे पॅच्ड थिंग्ज अप'. यातलं 'थिंग्ज' गाळू नका.

'फॉल आउट विथ' म्हणजे एखाद्याशी बिनसणं. 'फॉल फॉर' म्हणजे प्रेमात पडणं, पण पुढे माणसाऐवजी 'ट्रिक' किंवा 'लाय' आलं की अर्थ होतो फसणं.

'ही प्रपोज्ड हर' हे फार ऐकू येतं. लग्नाची मागणी घातली असं सांगायचं तर 'प्रपोज्ड टू हर' हवं. 'मॅरी'चं उलट आहे: 'ही मॅरीड हर', मध्ये काही नाही. 'अमक्याची बायको आहे' या अर्थी 'शी इज मॅरीड टू हिम'. तिथे 'विथ' चालत नाही. (मराठीतलं 'त्याच्याशी' डोक्यात असतं, म्हणून 'विथ' येतं.) 'मॅरीड विथ टू किड्स' बरोबर आहे, कारण तिथे सांगायचं असतं की लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत. साखरपुडा मोडला तर 'ब्रोक ऑफ द एंगेजमेंट', प्रेमसंबंध तुटले तर 'ब्रोक अप विथ हिम'.

'अफेअर' जपून वापरा. मराठी गप्पांत 'कॉलेजात त्यांचं अफेअर होतं' हे सहज म्हटलं जातं. इंग्रजी ऐकणाऱ्याच्या मनात मात्र आधी विवाहबाह्य संबंध येतात. दोघं अविवाहित असतील तर 'दे वेअर गोइंग आउट' किंवा 'दे वेअर सीइंग इच अदर' म्हणा.

'सी आय टू आय' म्हणजे नजरेला नजर देणं नव्हे, मत जुळणं. हा बहुधा नकारात येतो: 'वी डोन्ट सी आय टू आय ऑन मनी'. माणसाआधी 'विथ', विषयाआधी 'ऑन'. 'आइज' असं अनेकवचन करू नका.

'गेट ऑन लाइक अ हाउस ऑन फायर' ऐकून भांडण पेटलं असं वाटतं, पण अर्थ आहे झटकन छान गट्टी जमणं. पहिल्याच भेटीत सूर जुळले तर 'दे हिट इट ऑफ'. 'इट' गाळलं तर वाक्य मोडतं, आणि भूतकाळातही 'हिट'च राहतं. संसार मोडायच्या बेतात असेल तर 'द मॅरेज इज ऑन द रॉक्स'. पेयाबद्दल हेच शब्द आले तर ते बर्फ घातलेलं, एवढंच.

नवा वाक्प्रचार दिसला की केंब्रिज, ऑक्सफर्ड किंवा लाँगमनच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात तो पूर्ण उघडून बघा. पुढे कोणता शब्द येतो, मध्ये कर्म घालता येतं का आणि 'इन्फॉर्मल' अशी खूण आहे का, हे तपासून उदाहरणाचं आख्खं वाक्य वहीत उतरवा. 'इन्फॉर्मल' खूण असेल तर तो वाक्प्रचार अर्जात किंवा ऑफिसच्या पत्रात घालू नका.