टर्मिनलसमोरच्या माणसाची कामं कंटेनरला शिकवताना

एक फॉर्म, एक बटण, की झालं वेब पान, अशा समजुतीने मी कामाला लागलो. टूल होतं एफएफएमपेग, कमांड देऊन व्हिडिओ रूपांतरित करणारं. टीममधल्या ज्यांना टर्मिनलची, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीची, सवय नाही, त्यांना ब्राउझरमधून व्हिडिओ लहान करून घेता यावेत, एवढीच गरज. फ्लास्कमधलं (पायथनची वेब फ्रेमवर्क) पान दुपारपर्यंत उभं राहिलं. पुढचे दोन आठवडे मात्र एकच गोष्ट शोधण्यात गेले: टर्मिनलसमोर बसलेला माणूस नकळत किती कामं करत असतो?

पहिला फटका असा. एक जॉब सुरू झाला तो संपेचना. सीपीयू शून्यावर, लॉगमध्ये चूक नाही. शेवटी कंटेनरच्या (डॉकर ज्या बंदिस्त डब्यात टूल चालवतं त्याच्या) आत शिरून तीच कमांड हाताने चालवली, तेव्हा उलगडा झाला. त्या नावाची फाइल आधीच होती आणि एफएफएमपेग विचारत होतं: तिच्यावर लिहू का? टर्मिनलवर आपण ‘वाय’ दाबून पुढे जातो. इथे स्टँडर्ड इनपुटला, म्हणजे टूल जिथून उत्तर वाचतं त्या वाटेला, मी पाइप लावला होता आणि त्यात कोणीच काही लिहीत नव्हतं. प्रश्नाच्या शेवटी नवी ओळ नसते, म्हणून ओळीओळीने आउटपुट वाचणाऱ्या माझ्या कोडला तो दिसलाच नव्हता. तेव्हापासून टूल कुठलंही असो, स्टँडर्ड इनपुट बंद ठेवायचा आणि प्रत्येक जॉबला स्वतंत्र फोल्डर द्यायचं, हे मी आधी करतो.

फाइलच्या नावाबाबत तर मी फारच काटेकोर झालोय. वापरणाऱ्याने दिलेलं नाव जोडून कमांडची एक लांब स्ट्रिंग बनवली आणि ती शेलकडे (कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे) दिली, की नावात अर्धविराम टाकून कोणीही तुमच्या सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो. आर्ग्युमेंट (कमांडचे सुटे तुकडे) यादी म्हणून द्या, शेल मध्ये आणूच नका. डिस्कवरचं नावही आपणच तयार करा, कारण हायफनने सुरू होणारं नाव टूलला पर्याय वाटू शकतं.

डिप्लॉय केल्यावर एंजिनएक्सने, म्हणजे माझ्या सर्व्हरच्या पुढे उभ्या असलेल्या वेब सर्व्हरने, अडवलं. मुळात ते 1 एमबीपेक्षा मोठं अपलोड नाकारतं (एरर 413), आणि मागच्या सर्व्हरकडून 60 सेकंद काहीच आलं नाही तर एरर 504 (वेळ संपली) देतं. पहिली मर्यादा वाढवली. दुसरी वाढवत बसू नका. रूपांतर रांगेत टाका, पानाला लगेच जॉबचा क्रमांक द्या आणि स्थिती विचारत राहू द्या.

पोर्ट 127.0.0.1 वरच, म्हणजे त्याच मशीनपुरतं, उघडा. लिनक्सवर डॉकरने सगळीकडे उघडलेलं पोर्ट यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना बगल देऊन बाहेर दिसतं. कंटेनर रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) म्हणून चालवला, तर जोडलेल्या फोल्डरमधल्या फाइलीही रूटच्या होतात आणि पुसताना अडतं. म्हणून डॉकरफाइलमध्ये (कंटेनर कसा बनवायचा ते सांगणारी फाइल) साधा यूझर ठेवा.

सगळ्यात उशिरा सुचलं ते कंट्रोल-सी, टर्मिनलवर चालू कमांड थांबवणारं. डॉकर स्टॉप दिलं की कंटेनर 10 सेकंद रेंगाळायचा आणि 137 कोडने (म्हणजे सक्तीने मारला गेल्याने) मरायचा. सुरुवातीची कमांड शेलमधून चालत होती, पहिला प्रोसेस शेल होता आणि तो थांबण्याचा सिग्नल पुढे देत नव्हता. कमांड यादीच्या रूपात लिहिली आणि सिग्नल थेट माझ्या सर्व्हरपर्यंत पोहोचू लागला. मग पानावर ‘रद्द करा’ हे बटणही आलं. ते दाबलं की एफएफएमपेग थांबतं आणि अर्धवट फाइल पुसली जाते.