ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरात पेलेट स्टोव्ह: थंडीआधीची तयारी

ग्वाल्हेरची खरी थंडी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत. त्यातले काही आठवडे धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि रात्रीचा पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. एवढ्यासाठी अख्खं घर तापवणारी, नळ्यांतून खोलीखोलीत गरम हवा सोडणारी भट्टी बसवायची गरज नाही. ती कॅनडातल्या लोकांना लखलाभ. आपल्याला एक खोली पुरते, आणि तिला पेलेट स्टोव्ह, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या कांड्या (पेलेट) जाळणारी, विजेच्या पंख्यांवर चालणारी शेगडी, बास. म्हणून स्टोव्ह बघायला जाण्याआधी खोली ठरवा, आणि ती झोपायची नको, संध्याकाळी सगळे जिथे बसतात ती घ्या.

खोलीचं माप घेताना उंची विसरू नका. गोठीतल्या (लष्करातल्या जुन्या मराठी वस्तीतल्या) जुन्या वाड्यांची छतं १२ फुटांवर असतात आणि ऊब आधी तिकडेच जाते. १२ बाय १४ फुटांच्या अशा खोलीला साधारण ३ किलोवॉटचा स्टोव्ह बास. दुकानदार १० किलोवॉटचा गळ्यात मारू पाहील, तर घेऊ नये. मोठा स्टोव्ह सतत मंद चालवला की काच काळी पडते आणि धुराच्या पाइपात काजळी साठते.

खरं काम पाइपाचं. ते दसऱ्यालाच उरकावं, कारण दिवाळीच्या तोंडावर गवंडी सापडत नाही. पाइप स्टीलचा हवा, साधारण ८० मिलिमीटर व्यासाचा. खाली झाकण उघडून राख काढता येईल असा टी-जोड हवा आणि वर टोपी व जाळी, नाहीतर कबुतरं संसार थाटतात. लाकडी चौकटीतून किंवा तुळईजवळून तो नेऊ नये. अडगळीतलं रोशनदान (भिंतीत वर असलेला झरोका) मिळालं तर उत्तम, पण तिथली लाकडी झडप काढूनच. तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर येत नाही ना, हे गच्चीवर उभं राहून बघा. गोठीत भांडणं एवढ्यातेवढ्यावरून होतात. जळणासाठी बाहेरची हवा आत यायची वाटही ठेवा, दारं-खिडक्यांच्या सगळ्या फटी कागद कोंबून बुजवू नका.

त्याच दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणा. या वायूला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपलेली माणसं उत्तरेत दर हिवाळ्यात यानेच जातात. पेलेट स्टोव्ह धूर बाहेर टाकतो, पण जोड सैल झाला किंवा पंखा बंद पडला की भरवसा नाही. आणि पेलेट संपले म्हणून त्यात कोळसा किंवा लाकडाच्या ढलप्या टाकायच्या नाहीत, कधीच.

आता जळण. ३ किलोवॉटच्या स्टोव्हला तासाला पाऊण किलो लागतं. रोज ६ तास, ६० दिवस धरा: पावणेतीन क्विंटल होतात, ३ आणून ठेवा. घेताना नीट पारखा. आपल्याकडे मिळणारे बरेचसे पेलेट मोहरीच्या काडाचे, भुईमुगाच्या टरफलांचे असतात, आणि ते बनतात कारखान्यांच्या बॉयलरसाठी. २०२१ मध्ये केंद्राने औष्णिक वीज केंद्रांना कोळशाबरोबर बायोमास जाळणं बंधनकारक केल्यापासून तिकडचीही मागणी वाढली. ते स्वस्त पडतात, पण राख फार, आणि ती वितळून जळणाच्या वाटीत दगडासारखी खडी धरते. घरच्या छोट्या स्टोव्हला निव्वळ लाकडाच्या भुशाचे, ६ मिलिमीटर जाडीचेच मागा. मूठभर पेलेट पाण्याच्या पेल्यात टाका: चांगले तळाला बसतात आणि थोड्या वेळात फुगून भुसा होतात. तरंगले तर नीट दाबलेले नाहीत. पोत्याच्या तळाशी हात घाला. नुसता भुगा लागला तर दुसरं पोतं.

पोती फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. पावसाळ्यात ओल धरलेली दगडी भिंत दिवाळीलाही पुरती वाळलेली नसते. हिशेबाने एवढा माल दिवाणाच्या पेटीत मावतो, पण तिथे ठेवू नका. साठवलेले पेलेटही थोडा कार्बन मोनॉक्साइड सोडतात, त्यामुळे वारं खेळणारी कोरडी जागाच बरी.

स्टोव्ह जुना असेल तर टाकीत गेल्या वर्षीचे पेलेट उरलेत का, हे सगळ्यात आधी बघा. पावसाळी हवेने ते फुगतात आणि पेलेट पुढे ढकलणाऱ्या स्क्रूत घट्ट बसतात. मोटर घुर्रर्र करते, फिरत नाही. स्क्रू काढून लाकडी काडीने खरवडावा लागतो. स्टोव्हच्या दाराभोवती फट बुजवणारी दोरी असते, ती तपासायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. ओढल्यावर पट्टी सहज निघाली तर दोरी बदला.

वीज गेली की स्टोव्हचे पंखे थांबतात, म्हणून इन्व्हर्टर हवाच. पेटवताना ३००-४०० वॉट, नंतर १०० च्या आसपास. साइन वेव्हचा घ्या, आणि जुन्या वायरिंगच्या घरात अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या.

चंपाषष्ठीच्या आत एकदा दोन तास पेटवून बघा. राखेसाठी झाकणाची लोखंडी बादली, बाहेर, जमिनीवर. वरून गार दिसली तरी आत निखारा रात्रभर टिकतो. व्हॅक्यूम क्लीनर पुरती थंड झाल्यावरच. जळणाची वाटी मात्र रोज सकाळी साफ करा.

एक चिठ्ठी बोर्डाजवळ चिकटवा: बंद करायचं ते स्टोव्हच्या बटणाने, भिंतीच्या स्विचने नाही. बटण दाबल्यावर उरलेलं जळण संपेपर्यंत आणि भट्टी गार होईपर्यंत पंखा १५-२० मिनिटं चालतो, तेवढ्यात धूर बाहेर जातो. आपल्या घरांत खोलीतून निघताना सगळे खटके खाली करायची सवय असते, तेव्हा पाहुण्यांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही हे तोंडी सांगून ठेवा, आणि चिठ्ठी मराठीत व हिंदीत दोन्ही लिहा.