बोगद्यात जिओलॉजिस्ट म्हणून जायचं असेल तर
आपल्या धामणगावजवळून समृद्धी महामार्ग जातो तो सगळ्यांनी पाहिला, पण 701 किलोमीटरचा हाच रस्ता तिकडे इगतपुरी-कसाऱ्याला सह्याद्रीच्या पोटातून जातो, जवळपास 8 किलोमीटर, जायचा बोगदा वेगळा यायचा वेगळा. 5 जून 2025 ला तो शेवटचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून बीएस्सीचे पोट्टे विचारून राहिले, भाऊ, बोगद्यात जिओलॉजिस्ट काय करते, आपल्याले जमन का? मी त्या बोगद्यावर नव्हतो, सह्याद्रीतल्याच दुसऱ्या कामावर होतो, पण खडक तोच, बसाल्ट, आणि पद्धतही तीच, ड्रिल अँड ब्लास्ट.

खोदाईच्या तोंडाला फेस म्हणतात. तिथं बूमर मशीननं भोकं पाडायची, बारूद भरून उडवायचं, पंख्यानं धूर-गॅस बाहेर काढायचा, मलबा उचलायचा, लटकलेले दगड पाडायचे म्हणजे स्केलिंग, मग शॉटक्रीट म्हणजे खडकावर फवारायचं काँक्रीट, आणि रॉक बोल्ट म्हणजे खडक धरून ठेवायला आत बसवायच्या सळया. आपलं काम स्केलिंग आणि शॉटक्रीटच्या मधात. शॉटक्रीट बसलं की तो खडक परत कोणालाच दिसत नाही, म्हणून भेगा किती, कोणीकडे कललेल्या, पाणी कुठून येतं, सगळं तेवढ्या वेळात काढून आरएमआर (रॉक मास रेटिंग) द्यायचा, खडक किती चांगला याचे 100 पैकी मार्क समजा. त्यावर बोल्ट किती आणि पुढचा ब्लास्ट किती लांबीचा हे ठरतं, म्हणून अंदाजे आकडा टाकायचा नाही, आत माणसं असतात.

पहिल्याच आठवड्यात मी स्केलिंगच्या आधी पुढे गेलो, लाल थर जवळून पाहायचा होता. फोरमन काकांनी पट्टा धरून मागे ओढलं अन् घमेल्याएवढा दगड तिथंच पडला. ते ओरडले नाहीत. स्केलिंग झाल्यावर हातात सळई दिली, ठोक आणि ऐक म्हणाले. घट्ट खडक टण्ण वाजतो, सुटलेला बद्द.

हा आवाज मी लहानपणी ऐकला होता! आमच्या वावरात विहीर खोदताना बाबा सब्बल आपटून असंच ऐकायचे. आणि तो लाल थर, पुस्तकात ज्याला रेड बोल म्हणतात, तोही आमच्या विहिरीत आहे. लाव्हाच्या दोन थरांच्या मधात जुनी माती भाजून राहिली तो हा. पाणी लागलं की ढिला होतो, बोगद्याच्या छतात आला तर सगळ्यात जास्त जपावं लागतं.

आरएमआर आणि खडकाला मार्क द्यायची दुसरी पद्धत, क्यू सिस्टिम, हातानं सोडवायचा सराव करा, ब्रंटन, म्हणजे भेगांची दिशा आणि कल मोजायचा कंपास, वापरता आलाच पाहिजे, आणि हिंदी बोलायला लाजू नका, साइटवर चारी दिशांची माणसं असतात. उन्हाळ्यात गावात कुठं विहीर चालू असेल तर काठावर बसून रोज वहीत काढा, मुरूम कुठं संपला, काळा दगड कुठं लागला, पाझर कुठून आला. इंटरव्ह्यूला ती वही घेऊन जा. मी नेली होती, अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.