किनाऱ्याच्या आडवाटेने दापोली ते जयगड: या चुका टाळा

या पट्ट्यात नकाशावरचे किलोमीटर फसवे. वाशिष्ठी, शास्त्री या नद्या (उत्तरेकडून आलात तर त्याआधी सावित्रीही) एकामागून एक आडव्या येतात आणि दिवसाचं वेळापत्रक खाडीच ठरवते.

भरती न बघता निघणं ही सगळ्यात महागडी चूक. रेंज नसली तरी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पक्ष शुद्ध असो वा वद्य. चतुर्थीला साधारण तीन, अष्टमीला सहा. पहाटे तशीच दुपारी-संध्याकाळी. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धराच. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि जास्तच ओसरतं.

ओहोटीला टणक वाटणाऱ्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूवर, गाडी उतरवू नका. अनेक ठिकाणी बंदीही असते. तरी रुतलीच तर रेस वाढवू नका. चाक खणत जातं आणि गाडी पोटावर बसते. माणसं उतरवा, चाकांलगतची वाळू हाताने उपसा, टायरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, चाकांखाली झावळ्या सरकवा आणि आलेल्याच चाकोरीतून रिव्हर्समध्ये हळू बाहेर या. पुन्हा हवा भरेपर्यंत डांबरीवरही सावकाश. पंप गाडीतच हवा.

दापोलीच्या उत्तरेला सावित्रीवर वेशवी–बागमांडला, पुढे दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथे फेरीबोट आहे. शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. ती चुकली की दाभोळहून धोपाव्याला चिपळूणमार्गे वळसा पडतो. सुट्टीच्या दिवशी रांगेचा वेळ वेगळा. पाणी उतरलेलं असताना धक्क्याचा उतार वाढतो, खालच्या बाजूला शेवाळही असतं. बुटकी गाडी असेल तर माणसं आधी उतरवा आणि पहिल्या गिअरमध्ये चढवा. बोटीवर हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्येच ठेवा.

नकाशाने सुचवलेला ‘जवळचा रस्ता’ कधी पाखाडीच्या पायऱ्यांशी, कधी दोन गडग्यांच्या (दगडी कुंपणांच्या) बोळात संपतो. वाडीत विचारा, तेही ‘चारचाकी जाते का?’ असंच. नुसतं ‘रस्ता आहे का?’ विचारलंत तर उत्तर ‘आहे’ येणारच.

होडी किंवा कयाक वल्हवायची तर चढत्या पाण्याबरोबर खाडीत आत जा, ओसरत्या पाण्याबरोबर परत या. ओहोटी संपेपर्यंत खारफुटीत रेंगाळलात तर चिखलात अडकाल, आणि त्या चिखलात उतरून ढकलणं जमत नाही.

वाशिष्ठीत पोहू नका. पाऊस नसतानाही पाणी वाढतं, कारण कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलं पाणी हिच्यातच येतं. शिवाय चिपळूण परिसरात मगरी आहेत.